सोळा महिन्यांत नर्स होता येतं का?

पत्र लांबलचक होतं, त्याचा गाभा असा: वाचक ३९ वर्षांच्या, न्यू जर्सीत राहतात. पुण्यात बी.कॉम. आणि एमसीएम (कॉम्प्युटर मॅनेजमेंटची मास्टर्स) केलं. तिथे आणि इथे मिळून बारा वर्षं सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये काढली. गेल्या चार वर्षांत दोनदा ले-ऑफ झाला. ग्रीन कार्ड हातात आहे, यजमान आयटीत आहेत, मुलगी बारा वर्षांची, मुलगा सात. अकरा महिन्यांपूर्वी त्यांचे वडील पुण्यात गेले. त्याआधीचे अठरा दिवस या आयसीयूबाहेर बसून होत्या. रात्रपाळीची एक सिस्टर पहाटे तीनच्या सुमारास वडिलांच्या कपाळावर हात ठेवून उभी राहायची. तो हात त्यांच्या मनातून जात नाही. आता एका खासगी विद्यापीठाचा सोळा महिन्यांचा ॲक्सिलरेटेड बीएसएन (नर्सिंगची झटपट बॅचलर पदवी) करायचा त्यांच्या मनात आहे. 'वय निघून चाललंय, लवकर उरकायचं तर हाच एक रस्ता,' असं त्या लिहितात. मुलांसाठी आईला पुण्याहून बोलावून घेणार आहेत. यजमानांना कर्जाची धास्ती वाटते. सासूबाई फोनवर म्हणाल्या, 'एवढं शिकून बेडपॅन उचलणार का?' त्यांचा प्रश्न एवढाच: करू की नको?

प्रिय मैत्रिणी,

'अगं-तुगं केलंत तरी चालेल' असं तू लिहिलं आहेस, म्हणून तसंच करते. मी मुंबईत जीएनएम हा नर्सिंगचा डिप्लोमा केला, महापालिकेच्या रुग्णालयात सहा वर्षं वॉर्ड सांभाळले, आणि इथे येऊन आता पंचवीस वर्षं होत आली. गेली नऊ वर्षं याच ॲक्सिलरेटेड अभ्यासक्रमाच्या विद्यार्थ्यांना मी क्लिनिकलला, म्हणजे रुग्णालयातल्या प्रत्यक्ष कामाला, घेऊन जाते. त्यामुळे तुझ्या प्रश्नाचं उत्तर मी ज्यांच्यात पाहिलंय ती माणसं माझ्या डोळ्यांसमोर आहेत.

आधी त्या सोळा महिन्यांबद्दल बोलू, कारण तुझं सगळं गणित त्या आकड्यावर उभं आहे. पहिली पदवी दुसऱ्या विषयाची असलेल्यांसाठीचा हा रस्ता काही नवं खूळ नाही. सेंट लुईस विद्यापीठात असा अभ्यासक्रम १९७१ पासून आहे. पण सोळा महिने मोजायला सुरुवात होते ती प्रवेश मिळाल्यावर. त्याआधी प्रीरिक्विझिट्स, म्हणजे प्रवेशाआधी करायचे विषय, पूर्ण हवेत: ॲनाटॉमी अँड फिजिऑलॉजीचे दोन भाग, दोन्ही लॅबसकट, मग मायक्रोबायॉलॉजी, केमिस्ट्री, स्टॅटिस्टिक्स, न्यूट्रिशन, आणि माणसाच्या वाढीचं मानसशास्त्र. तू दहावीनंतर कॉमर्सला गेलीस, म्हणजे यातलं विज्ञान तुला मुळापासून करावं लागणार. ॲनाटॉमीचा पहिला भाग झाल्याशिवाय दुसरा घेता येत नाही, तेव्हा दोन सेमिस्टर तिथेच गेली. मुलं सांभाळून सगळं करायचं तर वर्ष ते दीड वर्ष धर. बऱ्याच ठिकाणी टीस किंवा हेसी ही प्रवेशपरीक्षा असते. पदवीनंतर एनक्लेक्स ही परवान्याची परीक्षा. म्हणजे आज सुरुवात केलीस तर आरएनचा (नोंदणीकृत नर्सचा) परवाना हातात येईपर्यंत तीन वर्षं. जाहिरात खोटी नाही, पण ती मधल्या पानापासून गोष्ट सांगते.

आता तुझ्या पत्रातलं एक वाक्य मला खटकलं, ते सांगते. 'लवकर उरकायचं तर.' अगं, घाई नेमकी कशाची आहे? बेचाळिसाव्या वर्षी नर्स झालीस किंवा चव्वेचाळिसाव्या, पुढे वीस-बावीस वर्षं कामाची उरतातच. माझ्या वॉर्डात एकसष्ट वर्षांची सहकारी आहे. ती नर्सिंगला आली तेव्हा पन्नाशीला टेकली होती. दोनदा नोकरी गेल्यावर आपण मागे पडलो असं वाटतं, आणि मागे पडलेला माणूस धावतो. हे मला कळतं. पण धावायचं म्हणून जो रस्ता तू निवडते आहेस तो तुझ्या घराला परवडणारा आहे का, हे धावायच्या आधी पाहायला हवं.

पैशाचं आधी. खासगी विद्यापीठात या अभ्यासक्रमाची नुसती फीच पन्नास-साठ हजार डॉलरच्या पुढे सहज जाते. ग्रीन कार्ड असल्यामुळे तुला एफएएफएसए, म्हणजे केंद्राच्या शिक्षण-मदतीचा अर्ज, भरता येईल, ही चांगली गोष्ट. पण तुझ्याकडे पदवी आधीच आहे, त्यामुळे पेल ग्रँट, म्हणजे परत न करायची मदत, मिळणार नाही. राहिलं केंद्र सरकारचं विद्यार्थी-कर्ज. दुसऱ्या बॅचलर पदवीला ते अंडरग्रॅज्युएटच्या मर्यादेतच मिळतं: वर्षाला जास्तीत जास्त १२,५०० डॉलर, आणि आयुष्यभरात एकूण ५७,५००. सोळा महिन्यांत तू त्यातलं किती उचलू शकशील, आणि फी किती? मधली दरी खासगी कर्जानं भरावी लागते, आणि या काळात कमाई जवळजवळ शून्य, कारण या वेगात नोकरी करू नका असं विद्यापीठं स्वतःच बजावतात. तुझ्या यजमानांची धास्ती हा विरोध समजू नकोस. एका पगारावर घर, तोही आयटीतला पगार, आणि वर खासगी कर्ज, हा हिशोब त्यांनी मांडला असेल तर तो बरोबर मांडलाय.

आणि वेळेचं. सकाळी पावणेसातला माझे आठ विद्यार्थी मजल्यावरच्या लिफ्टपाशी उभे असतात. म्हणजे तुझ्यासारखीला घरातून पावणेसहाला निघायचं. आठवड्यातून दोन दिवस हे. बाकीचे दिवस वर्ग, सिम्युलेशन लॅब, औषधांची गणितं, आणि जवळजवळ दर आठवड्याला एक परीक्षा. क्लिनिकलचे तास भरलेच पाहिजेत. एखाददुसऱ्या गैरहजेरीनंतर त्या विषयात नापास, आणि या अभ्यासक्रमात नापास विषय पुन्हा घ्यायचा तर पुढची तुकडी येईपर्यंत थांबायचं. दोन वर्षांपूर्वी माझी एक विद्यार्थिनी साडेसहाला पार्किंगमध्ये गाडीत बसून रडत होती. लेकाला रात्रभर ताप होता, नवरा बाहेरगावी, आणि तिची एक गैरहजेरी आधीच झालेली. शेजारणीच्या भरवशावर मूल ठेवून ती आली. त्या दिवशी तिनं सगळी कामं नीट केली, एकही चूक नाही. पण दर अर्ध्या तासाला तिचा हात खिशातल्या फोनकडे जात होता, आणि मला तिला 'फोन ठेव' म्हणावं लागत होतं. ती नर्स झाली, चांगली झाली. तरीही मला विचारशील तर तिनं तो रस्ता घ्यायला नको होता.

तू म्हणतेस आई येईल. आई व्हिजिटरवर येणार, म्हणजे सहसा सहा महिने. उरलेले दहा? आणि तुझ्या आईचा नवरा जाऊन अकरा महिने झालेत गं. तिला सहा महिने न्यू जर्सीच्या थंडीत, गाडी चालवता येत नसताना, दोन नातवंडांच्या डब्यांच्या वेळा सांभाळायला बोलवायचं की तिला नुसतं आपल्याजवळ बसू द्यायचं? ती नाही म्हणणार नाही. आपल्या आया नाही म्हणत नाहीत, म्हणून त्यांच्या वतीनं आपण विचार करायचा असतो.

तुझ्या पत्रात एका रस्त्याचा उल्लेखसुद्धा नाही. तुझ्या काउंटीचं कम्युनिटी कॉलेज. तिथे नर्सिंगची असोसिएट पदवी दोन वर्षांची असते. प्रीरिक्विझिट्स धरली तर तीन-साडेतीन वर्षं, म्हणजे तुझ्या 'सोळा महिन्यां'पेक्षा फार तर वर्षभर जास्त. फी खासगी विद्यापीठाच्या एका लहानशा हिश्श्यात भागते. आणि शेवटची परीक्षा तीच. एनक्लेक्स-आरएन द्यायला बसलेल्या माणसाला तो संगणक 'तुझी पदवी दोन वर्षांची की चार?' असं विचारत नाही. कमीत कमी ८५ प्रश्न, जास्तीत जास्त १५०, पाच तास, आणि तुझ्या उत्तरांप्रमाणे पुढचा प्रश्न सोपा किंवा अवघड होत जातो. पास झाल्यावर मिळणारा आरएनचा परवानाही एकच.

यात अडचण नाही असं नाही. कम्युनिटी कॉलेजच्या नर्सिंगच्या जागा मोजक्या, त्यासाठी चुरस आणि कुठे कुठे प्रतीक्षायादीही. मोठी रुग्णालयं, विशेषतः आपल्या भागातली, बीएसएनवाल्यांना आधी बोलावतात. २०१० साली इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनच्या अहवालानं ८० टक्के नर्सेस बीएसएन असाव्यात असं म्हटल्यापासून तो कल वाढत गेला. पलीकडे न्यूयॉर्कमध्ये तर २०१७ च्या कायद्याप्रमाणे नव्या आरएनला दहा वर्षांत बीएसएन करावंच लागतं. तेव्हा असोसिएट पदवीवर पहिली नोकरी कदाचित नर्सिंग होममध्ये किंवा रिहॅबमध्ये मिळेल. मग नोकरी करता करता आरएन-टू-बीएसएन, बहुतेक ऑनलाइन. पुष्कळ रुग्णालयं त्या फीतला काही भाग देतात. वर्षाला ५,२५० डॉलरपर्यंतच्या अशा मदतीवर आपल्याला करही भरावा लागत नाही. माझ्या ओळखीतल्या बऱ्याच जणी अशाच पायरीपायरीनं वर आल्या, आणि त्यांच्यावर कर्ज नाही.

दोन्हींच्या मधलाही एक मार्ग आहे: प्रीरिक्विझिट्स कम्युनिटी कॉलेजात करायची आणि मग राज्याच्या सरकारी विद्यापीठाच्या ॲक्सिलरेटेडला अर्ज करायचा. तिथली फी खासगीपेक्षा पुष्कळ कमी. तेव्हा मुलगी चौदाची असेल, मुलगा नऊचा. चौदाची मुलगी भावाला बसस्टॉपवरून घेऊन येऊ शकते. मला तुझ्यासाठी हा सगळ्यात सरस वाटतो, पण त्याचा निर्णय आज घ्यायची गरज नाही. पहिलं वर्ष तिन्ही रस्त्यांना सारखंच आहे.

आता बेडपॅन.

सासूबाईंवर रागावू नकोस. आपल्याकडे नर्सिंगकडे बघायची नजरच तशी होती. पुण्यात १९०९ मध्ये सेवासदन उभं राहिलं आणि रमाबाई रानड्यांनी तिथल्या मुलींना नर्सिंगच्या शिक्षणासाठी ससूनमध्ये पाठवायला सुरुवात केली, तेव्हा चांगल्या घरच्या बायकांनी परक्या माणसाच्या अंगाला हात लावायचा ही कल्पनाच लोकांना सोसत नव्हती. न्यायमूर्तींच्या घरची बाई ठामपणे पाठीशी उभी राहिली म्हणून त्या मुली टिकल्या. आज शंभरावर वर्षं झाली, तरी 'नर्स' म्हटलं की पुष्कळांना बेडपॅनच दिसतो.

तर हो, उचलायचा असतो. आणि उचलताना त्यात बघायचं असतं. किती, कोणत्या रंगाचं, गढूळ आहे का, रक्त आहे का. मोठ्या माणसाची लघवी तासाला ३० मिलीच्या खाली गेली की मूत्रपिंडाला रक्त पुरेसं पोचत नसल्याची ती खूण असू शकते, आणि बरेचदा रक्तदाब कोसळायच्या आधी ती दिसते. माझा एक विद्यार्थी, बँकेत कर्ज विभागात पंधरा वर्षं काढलेला, तिसऱ्या आठवड्यात एका आजोबांना स्पंजिंग करत होता. खुब्याचं ऑपरेशन होऊन दुसरा दिवस. पाय पुसता पुसता तो थांबला, दोन्ही पोटऱ्यांना उलट्या हातानं पुन्हा शिवून पाहिलं, आणि मला बाहेर बोलावून हळूच म्हणाला, 'डावी जरा जास्त गरम लागतेय. चुकतही असेन.' चुकला नव्हता. डॉपलर सोनोग्राफीत रक्ताची गुठळी निघाली. ज्या कामाला लोक आयाचं काम म्हणतात तेच काम करताना त्याला ती सापडली, कारण त्याचा हात कामात होता आणि लक्षही.

तुझ्या वडिलांच्या सिस्टरबद्दल मला एक सांगायचंय. तिथे मी नव्हते, पण तिचा हात कपाळावर होता तेव्हा तिची नजर बहुधा छातीवर असणार. श्वास मोजायचा तो पेशंटला न कळू देता, असं आम्हाला पहिल्या वर्षी शिकवतात. कळलं की माणसाचा श्वास बदलतो. म्हणून एक हात कुठेतरी सहज ठेवायचा आणि पूर्ण मिनिट मोजायचं. ती माया होती यात मला शंका नाही. पण त्या मायेच्या आत मोजणी होती, आणि पहाटे तीनला शेजारच्या चार खाटांवरही तिला तीच मोजणी करायची होती. आपल्या माणसाची अठरा दिवस सेवा करणं आणि पाच अनोळखी माणसांची बारा तास जबाबदारी घेणं, यांत फरक आहे. त्यातला एखादा आपल्यावर खेकसेल, एखादा हात उगारेल, एखाद्याचे नातेवाईक दर दहा मिनिटांनी घंटी वाजवतील. नुसत्या सेवाभावावर माणूस यात वर्ष-दोन वर्षं टिकतो. पुढे टिकतो तो 'इथे काहीतरी वेगळं दिसतंय' याची ओढ असणारा. आणि ती ओढ तुला असावी, कारण बारा वर्षं तू तेच केलंस: काय व्हायला हवं होतं आणि काय झालं, दोन्ही शेजारी ठेवून फरक शोधायचा. टेस्टिंगची वर्षं फुकट गेली असं तू लिहिलंस, ते मला मान्य नाही.

नोकरीच्या शाश्वतीबद्दल थोडं. ती आहे. सरकारी आकडेवारीप्रमाणे मे २०२४ मध्ये देशभरातल्या आरएनचं मध्यम वेतन वर्षाला ९३,६०० डॉलर होतं, आणि नर्स घरी बसलेली मी क्वचितच पाहिली. पण पहिली नोकरी बहुधा रात्रपाळीची. आठवड्याला बारा तासांच्या तीन पाळ्या, एक आड एक शनिवार-रविवार, आणि दिवाळीला आपली सुट्टी नाही. कॅलिफोर्नियात एका नर्सकडे जास्तीत जास्त किती पेशंट याचा कायदा २००४ पासून लागू आहे. साध्या वॉर्डात पाच. इथे न्यू जर्सीत साध्या वॉर्डासाठी तसा नाही. एका रुग्णालयात मी एका रात्री आठ पेशंट सांभाळलेत, आणि घरी येऊन गाडीतून उतरायलाही मला वीस मिनिटं लागली होती. पाठ, गुडघे, झोप, ही किंमत पगाराच्या पावतीवर दिसत नाही. ले-ऑफपासून सुटका म्हणून येणार असशील तर हे आधी कळलेलं बरं.

एक अवघड प्रश्न विचारते, रागावू नकोस. वडील आजारी पडले नसते तर हा विचार तुझ्या मनात आला असता का? नसता आला, तरी त्यात चूक काही नाही. पुष्कळ जण असेच आलेत, एखाद्याच्या उशापायथ्याशी बसून. पण दुःखाच्या पहिल्या वर्षात त्या माणसाच्या जवळ राहायचा एखादा मार्ग मन शोधत असतं, आणि कधी कधी तो मार्ग आपण करिअर म्हणून निवडून बसतो. वर्षश्राद्ध होऊ दे. आणि तोवर मनाला विचारत बसण्यापेक्षा हाताला विचार.

ते कसं, तर सीएनए कर. सर्टिफाइड नर्सिंग असिस्टंट. केंद्राच्या नियमानं कमीत कमी ७५ तासांचं प्रशिक्षण, बहुतेक राज्यांत त्याहून थोडं जास्त, काही आठवड्यांत होतं. खर्च त्या खासगी फीच्या मानानं अगदी थोडा. मग एखाद्या नर्सिंग होममध्ये शनिवार-रविवार चार-सहा महिने काम कर. आंघोळ घालणं, भरवणं, कूस बदलणं, डायपर बदलणं, रक्तदाब घेऊन लिहून ठेवणं. पगार कमी, अंग दुखतं. पण चार महिन्यांनी तुला कळेल की रविवारी संध्याकाळी पुढच्या शनिवारी परत यावंसं वाटतं की नाही. माझ्या विद्यार्थ्यांमध्ये आधी सीएनए केलेले लगेच ओळखू येतात. पेशंटच्या खोलीत शिरताना ते दारात अडखळत नाहीत. नर्सिंग नको असं ठरलं तरी हरकत नाही. रुग्णालयांची संगणकप्रणाली तपासणारे, सांभाळणारे लोक लागतातच, आणि वॉर्ड आतून पाहिलेला टेस्टर तिथे दुर्मीळ असतो.

कॉलेज निवडायची वेळ येईल तेव्हा जाहिरात बाजूला ठेवून तीन गोष्टी बघ. सीसीएनई किंवा एसीईएन अशा नर्सिंगचे अभ्यासक्रम तपासणाऱ्या संस्थेची मान्यता आहे का. राज्याच्या बोर्ड ऑफ नर्सिंगकडे त्या कॉलेजचा पहिल्या प्रयत्नातला एनक्लेक्सचा निकाल काय नोंदलाय, आणि तो एका वर्षाचा नाही, चार-पाच वर्षांचा बघ. आणि क्लिनिकलच्या जागा कॉलेज देतं की तुझ्यावर सोडतं. जानेवारी २०२३ मध्ये 'ऑपरेशन नाइटिंगेल' नावाच्या तपासात फ्लोरिडातल्या काही शाळांनी विकलेल्या ७,६०० च्या आसपास खोट्या नर्सिंग पदव्या उघडकीला आल्या. ज्यांनी त्या घेतल्या त्यांतल्या अनेकांनाही लवकरच उरकायचं होतं.

पुण्याची कागदपत्रं मात्र आजच मागव. परदेशी पदव्या तपासणाऱ्या डब्ल्यूईएस किंवा तशाच मान्य संस्थेकडून विषयवार मूल्यमापन लागेल, आणि विद्यापीठातून मोहोरबंद ट्रान्स्क्रिप्ट निघायला किती खेपा लागतात हे तुला माहीत आहेच. नुसत्या तीन वर्षांच्या बी.कॉम.ला काही विद्यापीठं पूर्ण पदवी मानत नाहीत. तुझं एमसीएम इथे उपयोगी पडेल, दोन्हींचं मूल्यमापन एकत्र करून घे. विज्ञानाचे विषय पाच-सात वर्षांपेक्षा जुने झाले की पुष्कळ ठिकाणी ते धरत नाहीत, म्हणून ते घेतल्यावर मध्ये फार मोठा खंड पडू देऊ नकोस.

तुझ्यासारखीच पत्रं मला इतरही पाठवतात, त्यांच्यासाठी दोन शब्द. एच-फोरवर (एच-वनवाल्यांच्या जोडीदाराच्या व्हिसावर) असाल तर शिकता येतं, पण केंद्र सरकारचं कर्ज मिळत नाही, आणि नोकरीला ईएडी, म्हणजे कामाचा परवाना, हवा. वॉर्डातल्या साध्या आरएनच्या जागेसाठी रुग्णालयं सहसा एच-वन हा नोकरीचा व्हिसा करत नाहीत, कारण त्या जागेला पदवी अनिवार्य असल्याचं सिद्ध करणं अवघड जातं. फी भरण्याआधी इमिग्रेशनच्या वकिलाला भेटा. भारतात जीएनएम किंवा बी.एससी. नर्सिंग केलेल्यांना हा अभ्यासक्रम सहसा लागत नाही. कागदपत्रांची तपासणी करून थेट एनक्लेक्स देता येते. मी तशीच आले. आणि महाराष्ट्रातून लिहिणाऱ्यांना: पदवीधरांसाठी असा झटपट मार्ग आपल्याकडे नाही. बी.एससी. नर्सिंगला चार वर्षं आणि बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री, बायॉलॉजी लागतं. कला-वाणिज्यवाल्यांना तीन वर्षांचं जीएनएम खुलं आहे. कुणी वर्षभरात नर्स करून देतो म्हणालं तर त्याला इंडियन नर्सिंग कौन्सिलची मान्यता दाखवायला सांगा.

आता तुझं 'करू की नको'. नर्सिंग कर, असं मला वाटतं. सोळा महिन्यांच्या त्या खासगी अभ्यासक्रमाला मात्र आत्ता पैसे भरू नकोस. यजमानांना घेऊन बस आणि त्यांच्यासमोर फक्त पहिल्या वर्षाचा हिशोब ठेव: कम्युनिटी कॉलेजातले दोन-तीन विषय, सीएनए, आणि शोधत असलेली नोकरी मिळाली तर तीही चालू. एवढ्याला ते नाही म्हणतील असं तुझ्या पत्रावरून वाटत नाही. मुलीलाही सांग. बारा वर्षांच्या मुलीला आई हाडांची नावं पाठ करताना बघायला आवडतं, माझ्या विद्यार्थिनींची मुलं त्यांची फ्लॅशकार्डं घेऊन प्रश्न विचारतात.

स्प्रिंग सेमिस्टरची नावनोंदणी साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबरात उघडते, आणि ॲनाटॉमीची संध्याकाळची लॅब सगळ्यात आधी भरते, कारण नोकरी करणारे सगळे तीच मागतात. ती जागा आधी पकड, बाकीचे विषय नंतर बसवता येतात. पहिली लॅब प्रॅक्टिकल हाडांची असते. मनगटाची आठ हाडं सगळ्यांना त्रास देतात, ती आधीच करून ठेव. आणि प्रॅक्टिकल झाली की मला लिही.